जोडीदाराचा स्कोअर मध्यम असताना : कार्ड कोणतं, कोणाच्या नावावर?

घरात एकाचा सिबिल स्कोअर आठशेच्या घरात आणि दुसऱ्याचा साडेसहाशे-सातशेच्या आसपास, असं चित्र आज अनेक मध्यमवर्गीय घरांत दिसतं. कधी बायकोने पहिल्या नोकरीत घेतलेलं कार्ड नोकरी सुटल्यावर थकलेलं असतं. कधी नवऱ्याकडून मोबाईलच्या हप्त्याला दोनदा उशीर झालेला असतो. कधी भावाच्या कर्जाला जामीन राहिल्याची किंमत मोजावी लागते. मग घरात विषय निघतो. हातातलं कार्ड कमी लिमिटचं आणि वर फी घेणारं आहे. याहून बरं कार्ड मिळेल का, आणि मिळवायचं तर कसं?

या प्रश्नाला बँकांचे विक्री प्रतिनिधी, आर्थिक सल्लागार आणि ग्राहक हक्कांसाठी काम करणारे लोक वेगवेगळी उत्तरं देतात. प्रत्येक उत्तरामागे काही तथ्य आहे आणि प्रत्येकाला मर्यादाही आहेत. त्या सगळ्यांची एकत्र मांडणी करावी, वाद कुठे मिटला आहे आणि कुठे नाही ते पाहावं, असा या लेखाचा हेतू आहे. ‘कोणतं कार्ड’ याचं उत्तर ‘कोणाच्या नावावर’ आणि ‘कशासाठी’ हे ठरल्याशिवाय मिळत नाही, हे या मांडणीतून वारंवार समोर येतं.

पार्श्वभूमी

भारतात पहिलं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आणलं. पुढची दोन दशकं कार्ड मिळणं हे पगाराची स्लिप, कंपनीचं नाव आणि शाखेतली ओळख यांवर अवलंबून होतं. एका बँकेचं कर्ज बुडवणारा माणूस दुसऱ्या बँकेत सहज नवं कर्ज काढू शकत असे, कारण बँका एकमेकींना माहिती देत नसत. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीने १९९९ मध्ये यावर उपाय सुचवला आणि २००० मध्ये मुंबईत सिबिलची स्थापना झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या, म्हणजे ब्युरो, कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवतात. बोलण्यात मात्र चौघींच्याही स्कोअरला ‘सिबिल’च म्हटलं जातं.

या व्यवस्थेचा पाया व्यक्ती हा आहे. नोंद मुख्यतः पॅनच्या आधारे एकेका माणसाच्या नावाने होते. घराची म्हणून वेगळी नोंद नसते आणि लग्न झालं म्हणून दोघांचे रिपोर्ट जोडले जात नाहीत. नवऱ्याचा स्कोअर ८१० आहे म्हणून बायकोचा ६७० चा ६९० होत नाही, आणि तिचा कमी आहे म्हणून त्याचा घसरतही नाही. दोघं एकाच गृहकर्जात सहकर्जदार असतील तर ते कर्ज दोघांच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. हप्ता चुकला तर डाग दोघांना लागतो, वेळेवर गेला तर लाभही दोघांना होतो. जामीनदाराचंही तसंच. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर ती थकबाकी जामीन राहिलेल्याच्या रिपोर्टमध्येही येऊ शकते.

ग्राहकाच्या बाजूने गेल्या काही वर्षांत बरंच घडलं आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. २०२२ मध्ये या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली आल्या. त्याच वर्षी १ जुलैपासून कार्डांविषयीचे नवे निर्देश लागू झाले. न मागता कार्ड देणं, संमतीशिवाय लिमिट वाढवणं, कार्ड बंद करायला टाळाटाळ करणं यांवर त्यांनी बंधनं आणली. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागेल, हेही त्यात आहे. कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली नाही आणि थकबाकी काही नसेल, तर बँकेने ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यायचे आहेत. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. जोडीदाराच्या कार्डाचा प्रश्न घरोघरी येऊ लागला तो या वाढीच्या काळात.

मध्यम स्कोअर म्हणजे नेमकं काय

स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात मोजला जातो. ७५० च्या पुढे अर्ज सहसा सुरळीत जातो, ६५० च्या खाली बहुतेक दारं बंद होतात आणि मधला पट्टा ‘मध्यम’ समजला जातो. पण ही सीमारेषा कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. प्रत्येक बँक आपली रेषा स्वतः आखते आणि वेळोवेळी हलवते. त्यामुळे ६९० ला एक बँक नकार देते आणि दुसरी कार्ड देते, हे नेहमीचं आहे.

अनुभवी सल्लागार आकड्यापेक्षा रिपोर्टची पानं उलटायला सांगतात, आणि याबाबत जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली मागच्या ३६ महिन्यांची एक पट्टी असते. प्रत्येक महिन्याच्या चौकटीत तीन आकडे असतात. ‘०००’ म्हणजे काही थकलेलं नाही. ‘०२८’ म्हणजे त्या महिन्यात पैसे २८ दिवस थकलेले होते. एखाद्या पट्टीत चौतीस वेळा ‘०००’ आणि दोन वर्षांपूर्वी लागोपाठ दोनदा ‘०२८’, ‘०५९’ असं असेल, तर तो स्कोअर जुन्या अडचणीमुळे खाली आला आहे आणि वेळ जाईल तसा सावरेल. दुसऱ्याची पट्टी पूर्ण स्वच्छ असते, पण ३०,००० च्या लिमिटवर दर महिन्याला २६,००० वापरलेले दिसतात. तिसऱ्याच्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ असा शेरा असतो, म्हणजे बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवलेलं असतं. तिघांचाही स्कोअर ६८० असू शकतो. पहिल्याला फक्त वेळ हवा आहे, दुसऱ्याला जास्त लिमिट किंवा कमी खर्च हवा आहे आणि तिसऱ्याने उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घेता येईल का ते आधी पाहायला हवं. एकच कार्ड तिघांना सुचवणं चुकीचं ठरेल.

चौथी शक्यता चुकीच्या नोंदीची. फेडलेलं कर्ज चालू दिसणं, दुसऱ्याच कोणाचं खातं आपल्या नावावर येणं, असे प्रकार घडतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत जुन्या आणि नव्या नावाच्या नोंदी नीट जुळल्या आहेत का, हे मुद्दाम तपासून पाहण्याजोगं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकानुसार तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई मिळते. दुरुस्तीने जितका फरक पडू शकतो तितका नव्या कार्डाने पडत नाही, म्हणून कोणताही मार्ग धरण्याआधी ही पायरी ओलांडावी, यावर दुमत नाही.

पहिली भूमिका : ॲड-ऑन कार्ड घ्या

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चांगला स्कोअर असलेल्याच्या कार्डावर जोडीदारासाठी ॲड-ऑन कार्ड काढणं. जोडीदाराचा स्कोअर सहसा आड येत नाही, उत्पन्नाचा पुरावा लागत नाही आणि बऱ्याच कार्डांवर ते फुकट मिळतं. मुख्य कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट, सवलती आणि काही वेळा विमानतळावरच्या लाउंजची सोयसुद्धा ॲड-ऑनवर चालते. घरखर्च एका बिलात येतो आणि वार्षिक फी माफ होण्यासाठी लागणारा खर्च लवकर पुरा होतो. मध्यम स्कोअरवर स्वतंत्रपणे जे कार्ड मिळेल त्यापेक्षा हे कार्ड बहुधा सरस असतं, हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे आणि तो खरा आहे.

याच्या विरुद्धची बाजूही तितकीच वजनदार आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ॲड-ऑनवरच्या खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते. लिमिट सामायिक असतं, म्हणून दोघांच्या खर्चाने वापराचं प्रमाण वाढतं आणि त्याचा परिणाम मुख्य धारकाच्या स्कोअरवर होतो. ज्याच्यासाठी कार्ड काढलं त्या जोडीदाराच्या रिपोर्टमध्ये मात्र बहुतेक वेळा काहीच जमा होत नाही. पाच वर्षं ॲड-ऑन वापरून प्रत्येक बिल वेळेवर भरलं तरी त्या पाच वर्षांची साक्ष तिच्या किंवा त्याच्या नावावर नसते. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त बोचतं. मुख्य कार्ड बंद होतं तेव्हा ॲड-ऑनही बंद होतं, आणि ज्या वेळी स्वतःच्या नावावरच्या पतइतिहासाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी कागद कोरा निघतो.

म्हणून ॲड-ऑनकडे खर्चाची सोय म्हणून पाहावं, पत उभारण्याचं साधन म्हणून त्यावर विसंबू नये, अशी मधली भूमिका अनेक सल्लागार घेतात.

दुसरी भूमिका : एफडीवर कार्ड घ्या

दुसरा गट सांगतो की जोडीदाराच्या नावाने बँकेत एफडी ठेवावी आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यावं. जवळपास सगळ्या मोठ्या बँका असं कार्ड देतात. लिमिट एफडीच्या साधारण ७५ ते १०० टक्के असतं. ५०,००० ची एफडी असेल तर ४०-४५ हजारांचं लिमिट मिळतं. एफडीवर व्याज चालूच राहतं. बँकेला तारण असल्याने स्कोअर आणि उत्पन्न यांची अट सैल होते. महत्त्वाचं म्हणजे हे कार्ड जोडीदाराच्या स्वतःच्या नावावर असतं आणि त्याची नोंद ब्युरोकडे साध्या कार्डासारखीच जाते. गृहिणीला किंवा व्यवसाय नुकताच सुरू केलेल्याला हा मार्ग खुला आहे, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू.

अडचणी तीन आहेत. पहिली, कार्ड चालू असेपर्यंत एफडीवर बँकेचा बोजा असतो आणि ती मोडता येत नाही. घरात शिल्लक बेताची असेल तर अडीनडीचा पैसाच अडकतो. दुसरी, या कार्डांवर रिवॉर्ड बेताचे असतात आणि लिमिट लहान असल्याने वापराचं प्रमाण पटकन वर जातं. तिसरी अडचण कराची आहे आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि तिने त्याची एफडी केली, तर त्या भेटीवर कर लागत नाही. पण एफडीचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. बायकोने नवऱ्याला पैसे दिले तरी नियम तोच. रक्कम लहान असेल तर कर किरकोळ असतो, पण विवरणपत्रात तो दाखवायला हवा. एफडी स्वतःच्या कमाईतून किंवा स्त्रीधनातून केली असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

एक गैरसमजही दूर करायला हवा. एफडी आहे म्हणजे बिल थकलं तरी बँक त्यातून वळतं करून घेईल आणि प्रश्न मिटेल, असं काही जण समजतात. पैसे वळते होतात, पण उशिराची नोंद रिपोर्टमध्ये राहतेच. तारणाने बँकेचा धोका कमी होतो. कार्डधारकाची शिस्त त्याला स्वतःलाच पाळावी लागते.

तिसरी भूमिका : स्वतःच्या नावाचं साधं, बिनफीचं कार्ड

जोडीदाराला पगार किंवा विवरणपत्रात दिसणारं उत्पन्न असेल, तर थेट विनातारण कार्डासाठी अर्ज करावा, असं तिसरी बाजू म्हणते. त्यातही सुरुवात आपलं पगाराचं किंवा बचतीचं खातं जिथे आहे त्या बँकेपासून करावी. खात्यातली उलाढाल त्या बँकेला दिसत असते, त्यामुळे स्कोअर थोडा कमी असला तरी ती स्वतःहून कार्ड देऊ करते. हातातल्या कार्डाचंच लिमिट वाढवून मागणं किंवा त्याच बँकेच्या वरच्या कार्डात बदलून मागणं हाही यातलाच एक पर्याय. जुनं खातं चालू राहतं, त्याचं वय स्कोअरच्या कामी येतं.

या मार्गावरचा धोका म्हणजे एकामागून एक अर्ज. प्रत्येक अर्जाबरोबर बँक रिपोर्ट मागवते आणि ती चौकशी नोंदली जाते. महिन्याभरात चार ठिकाणी अर्ज केले तर पाचव्या बँकेला हा माणूस पैशाच्या तंगीत आहे असं वाटतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही.

त्यात २०२३ च्या १६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवरचा जोखीमभार वाढवला. बँकांच्या कार्डांवरच्या थकबाकीसाठी तो १२५ वरून १५० टक्के झाला. म्हणजे प्रत्येक कार्डामागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. साहजिकच मध्यम स्कोअरच्या अर्जदाराकडे बँका अधिक काटेकोरपणे पाहतात. त्याआधी मित्राला ६८० वर कार्ड मिळालं म्हणून आज आपल्याला मिळेलच, असं धरून चालता येत नाही.

चौथी भूमिका : सध्या थांबा

काही सल्लागार, विशेषतः कर्जबाजारी कुटुंबांबरोबर काम करणारे, नवं कार्डच नको म्हणतात. त्यांचा मुद्दा आकड्यांनी नीट कळतो. समजा जोडीदाराच्या कार्डावर ४०,००० चं बिल आलं आणि ‘मिनिमम ड्यू’ म्हणून २,००० भरले. उरलेल्या ३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के दराने १,३३० रुपये व्याज होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा १,५६९ वर जातो. खरेदीच्या तारखेपासूनचं व्याज वेगळंच. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरले तर मुद्दल कमी होतं ते सुमारे ४३० रुपयांनी. याच ४०,००० च्या खरेदीवर एक टक्का दराने मिळालेले रिवॉर्ड ४०० रुपयांचे असतात. एका महिन्याच्या व्याजात तशा जवळपास चार बिलांची बक्षिसं बुडतात.

म्हणून ज्या घरात बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जात नाही, तिथे ‘बरं कार्ड’ शोधण्याआधी थकबाकी संपवावी. ती मोठी असेल तर कमी दराच्या वैयक्तिक कर्जात किंवा हप्त्यांत फिरवून घ्यावी, असं ही बाजू सांगते. याला मिळणारं उत्तर असं की कार्ड पूर्ण बंद ठेवल्याने इतिहासही थांबतो. लहानसा नियमित खर्च, म्हणजे विजेचं बिल किंवा मोबाईल रिचार्ज, कार्डावर टाकून पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सोय केली तर धोका न वाढवता नोंद होत राहते. दोन्ही बाजू एका मुद्द्यावर मिळतात : पूर्ण बिल भरण्याची सवय नसेल तर कोणतंही कार्ड बरं ठरत नाही.

‘बरं’ म्हणजे काय

जाहिरातीत बरं कार्ड म्हणजे जास्त कॅशबॅक, लाउंज आणि सिनेमाची तिकिटं. मध्यम स्कोअरच्या माणसासाठी क्रम वेगळा लागतो. पहिली पाहण्याची गोष्ट वार्षिक फी. कार्ड आयुष्यभर फुकट असेल तर ते वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं आणि खात्याचं वय वाढत जातं. दुसरी गोष्ट लिमिट. घराचा किराणा आणि बिलं मिळून महिन्याला १५,००० खर्च होत असतील आणि लिमिट २०,००० असेल तर वापर ७५ टक्के दिसतो. लिमिट ६०,००० असेल तर तोच खर्च २५ टक्के होतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा प्रघात आहे. लिमिट वाढत नसेल तर बिल निघण्याआधीच काही रक्कम भरून टाकणं हा उपाय सांगितला जातो, कारण बँक ब्युरोला जी थकबाकी कळवते तीच मोजली जाते. २०२५ मध्ये ही माहिती महिन्यातून दोनदा जाऊ लागली, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

तिसरी गोष्ट कार्ड कुठे चालतं ही. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. भाजीवाल्याच्या नाही, पण किराणा दुकानाच्या आणि मेडिकलच्या क्यूआर कोडवर ते बऱ्याचदा चालतं. तालुक्याच्या गावी, जिथे स्वाइप मशीन मोजक्याच दुकानांत असतं, तिथे हा फरक मोठा आहे. मात्र यूपीआयच्या सहजतेने खर्च हाताबाहेर जातो, अशी चिंताही व्यक्त होते आणि ती निराधार नाही. कार्डावर रोख रक्कम काढणं कोणत्याही परिस्थितीत महाग, कारण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. रिवॉर्डचा विचार या सगळ्यानंतर.

अमेरिकेतला अनुभव

हीच चर्चा अमेरिकेत जास्त जुनी आहे आणि तिथे ती कायद्यापर्यंत पोहोचली. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने स्त्री-पुरुष भेद आणि वैवाहिक स्थिती यांवरून कर्ज नाकारायला मनाई केली. त्याआधी विवाहित स्त्रीला स्वतःच्या कार्डासाठी नवऱ्याची सही मागितली जाणं सर्रास होतं. पुढच्या नियमांनी असंही ठरवलं की पती-पत्नी दोघं वापरत असलेल्या खात्याची माहिती ब्युरोला देताना दोघांचा सहभाग दिसला पाहिजे. त्यामुळे तिथे ॲड-ऑन धारकाच्या रिपोर्टमध्ये ते खातं सहसा दिसतं. फिको या कंपनीचा तिथे प्रचलित असलेला स्कोअर ५८० ते ६६९ असलेला, म्हणजे तिथल्या भाषेत ‘फेअर’ गटातला जोडीदार या वाटेने वर येऊ शकतो.

या सोयीचा गैरवापरही झाला. अनोळखी लोकांच्या चांगल्या खात्यांवर पैसे देऊन नाव जोडून घेण्याचा धंदा सुरू झाला. २००७ मध्ये फिकोने नव्या स्कोअरमधून ॲड-ऑन खाती वगळण्याचं जाहीर केलं आणि विरोध झाल्यावर २००८ मध्ये तो विचार बदलला. उत्पन्नाबाबतही असाच उलटसुलट प्रवास झाला. २००९ च्या कार्ड कायद्यानंतरच्या नियमांनी अर्जदाराचं स्वतंत्र उत्पन्न पाहायला सांगितलं. त्याचा फटका घर सांभाळणाऱ्या जोडीदारांना बसला. २०१३ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने नियम बदलला. आता २१ वर्षं पूर्ण केलेल्या अर्जदाराला, ज्या घरउत्पन्नावर त्याचा वाजवी हक्क पोहोचतो ते अर्जात दाखवता येतं.

तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना हा फरक जवळून कळतो. भारतातला इतिहास सहसा बरोबर जात नाही, आणि एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराकडे काम करण्याचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकही मिळत नाही. ॲड-ऑन कार्डापासून सुरुवात करणं त्यांच्यासाठी बहुतेक वेळा एकमेव व्यवहार्य वाट असते. पुण्यात सासूबाईंना ॲड-ऑनने स्कोअर वाढत नाही म्हणून सांगितलं जातं आणि न्यू जर्सीत सुनेला त्यानेच वाढतो म्हणून सांगितलं जातं. दोन्ही सल्ले आपापल्या ठिकाणी बरोबर असतात.

अजून न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा ॲड-ऑनच्या नोंदीचा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये खातं कोणत्या नात्याने आहे हे दाखवणाऱ्या रकान्यात वैयक्तिक, संयुक्त, जामीनदार यांबरोबर ॲड-ऑन धारकासाठीही जागा आहे. म्हणजे रचनेत सोय आहे, पण प्रत्यक्षात सगळ्या बँका ती सारखी वापरत नाहीत. ती सक्तीची करावी असं एका बाजूचं म्हणणं; ज्याच्यावर फेडीची कायदेशीर जबाबदारीच नाही त्याला फेडीचं श्रेय कसं द्यावं, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. अमेरिकेतला अनुभव दोन्ही बाजूंना पुरावा पुरवतो.

दुसरा मुद्दा गृहिणीच्या किंवा घर सांभाळणाऱ्या पुरुषाच्या उत्पन्नाचा. आपल्याकडचे निर्देश कार्ड देताना अर्जदाराची स्वतंत्र आर्थिक साधनं पाहायला सांगतात. न झेपणारं कर्ज गळ्यात पडू नये यासाठी ही अट योग्य आहे. पण घराच्या सामायिक उत्पन्नात तिचा वाटा मान्य करायचा की नाही, यावर इथे अजून स्पष्ट भूमिका नाही.

तिसरा मुद्दा व्यवस्थेबाहेर राहिलेल्या परतफेडीचा. महाराष्ट्रात पगारदारांच्या आणि गावोगावच्या पतसंस्थांतून लाखो लोक कर्ज घेतात आणि फेडतात. नागरी सहकारी बँकांची माहिती ब्युरोकडे जाते, पण बहुतेक पतसंस्थांची जात नाही. बचत गटाच्या सभासदांची वैयक्तिक माहिती कळवावी अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये दिली, पण गटातल्या आपसांतल्या उसनवारीची शिस्त त्यात येत नाही. वीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेली बाई बँकेच्या पडद्यावर नवखी दिसते. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. वीजबिल, भाडं, यूपीआय व्यवहार यांवरून पत ठरवण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्याने दार उघडेल, असं काहींना वाटतं. इतकी खासगी माहिती देण्याची किंमत काय, असं इतर विचारतात.

चौथा मुद्दा व्याजाच्या कमाल मर्यादेचा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो आदेश रद्द केला. दर ठरवणं हे बँका आणि रिझर्व्ह बँक यांचं क्षेत्र आहे, हे या निकालाने स्पष्ट झालं. पण कमी पत असलेल्यांवर सर्वांत जड पडणाऱ्या दराला काही वाजवी सीमा असावी का, हा धोरणाचा प्रश्न शिल्लक आहे.

सध्याची स्थिती

मतभेद वजा केले तर बऱ्याच गोष्टींवर सहमती दिसते. आधी चारही कंपन्यांचे रिपोर्ट मागवावेत आणि चुका दुरुस्त कराव्यात. स्कोअर कशामुळे मध्यम आहे ते ओळखावं. रोजच्या खर्चासाठी ॲड-ऑन चालेल, पण जोडीदाराच्या स्वतःच्या नावाने एक लहान, बिनफीचं कार्ड असावं. उत्पन्न असेल तर विनातारण, नसेल तर एफडीवर. एका वेळी एकच अर्ज करावा. वर्षभर पूर्ण बिल वेळेवर भरून मगच लिमिट वाढवून किंवा वरचं कार्ड मागावं. जुनं कार्ड फुकट असेल तर बंद करू नये. थकबाकी चालू असेल तर या सगळ्याच्या आधी ती संपवावी.

या यादीतली ‘स्वतःच्या नावाने’ ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रिवॉर्डचा फरक वर्षाला काही हजारांचा असतो. स्वतःचा इतिहास असण्या-नसण्याचा फरक पुढे गृहकर्जाच्या दरात, व्यवसायाच्या पहिल्या कर्जात आणि एकट्याने घर चालवायची वेळ आली तर त्या दिवसांत दिसतो. नीती आयोगाच्या सहभागाने निघालेल्या अहवालानुसार २०२४ च्या अखेरीस देशात सुमारे २ कोटी ७० लाख स्त्रिया स्वतःच्या स्कोअरवर लक्ष ठेवत होत्या, आणि त्यांची संख्या वेगाने वाढते आहे. त्यांच्यासाठी नियम कसे घडवायचे याचा वाद बँका, नियामक आणि न्यायालयं यांच्यात चालू राहील. घरापुरता निर्णय मात्र त्यासाठी अडून राहण्याचं कारण नाही. दोघांनी एकत्र बसून दोघांचे रिपोर्ट उघडावेत आणि कार्ड कोणतं घ्यायचं ते त्यानंतर ठरवावं.